नसरापूर ते वेल्हे, दोन तास दहा मिनिटं

आमच्या मंडळाला नाव नव्हतं. नाव दिलं की अध्यक्ष येतो आणि अध्यक्ष आला की भांडण येतं, असं चिमाजी शिंप्याचं मत होतं आणि ते सगळ्यांनी मानलं होतं. रविवारी पहाटे भोरहून सायकली काढायच्या, ज्याला जिकडे वाटेल तिकडे त्याने जायचं आणि दुपारी चारच्या सुमारास कापूरहोळच्या फाट्यावरच्या हॉटेलात चहाला जमायचं. तिथं प्रत्येकाने आपापली फेरी सांगायची. कुणी कात्रजपर्यंत गेलेला असे, कुणी खंबाटकीच्या पायथ्याशी. कामधंदा नसताना उन्हातान्हात पाय झिजवणारे आम्ही लोकांना खुळे वाटत होतो, आणि ते काही फार चुकीचं नव्हतं.

हॉटेलात बाकी सगळी बाकडी आणि खुर्ची एकच, लोखंडी. ज्याची फेरी त्या रविवारी सरस ठरेल त्याने, कुणी त्याहून सरस फेरी करेपर्यंत, दर रविवारी त्या खुर्चीवर बसायचं असा रिवाज पडला होता. थापा चालू नयेत म्हणून दुसरा रिवाज चिठ्ठीचा. जिथं पोचलात तिथल्या पाटलाकडून, मास्तरांकडून नाहीतर गुरवाकडून पोचल्याची वेळ लिहून सही घ्यायची. सरस फेरीची चिठ्ठी हॉटेलाच्या मधल्या खांबाला खिळ्याने ठोकली जायची आणि कुणी तिच्यावर ताण करेपर्यंत तिथंच राहायची.

खुर्ची बहुतेक आनंदरावांच्या बुडाखाली असायची. लाकडाच्या वखारीचे मालक, पोटऱ्या मुसळासारख्या, सायकल विलायती. मी संस्थानच्या दप्तरात कारकून. दोन वर्षांत मी त्या खुर्चीवर एकदाच बसलो होतो, तेही चिमाजीने तिचा पाय दुरुस्त केला तेव्हा, ती वजन पेलते का ते बघायला. भाऊसाहेब, म्हणजे मी, फेरीला निघताना घरी आठ दिवसांची शिधासामग्री भरून येतात, असं आनंदराव दर रविवारी म्हणायचे आणि दर रविवारी सगळे नव्याने हसायचे. मीही हसायचो. हसत हसत मी तो माणूस मनातल्या मनात किती वेळा खड्ड्यात ढकलला असेल याची गणती नाही.

सदतीस सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. मी वेल्ह्याच्या बाजूला पहिल्यांदाच गेलो होतो. परत येताना मार्गासनीच्या अलीकडे माझी चेन तुटली. वाकून खटपट करत होतो, हात काळे झाले होते, तेवढ्यात मागून एक शेतकरी जुनी सायकल हातात धरून चालत आला. सायकल असून चालणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्याने माझी चेन दगडावर ठेवली, खिळ्याने ठोकली आणि पाच मिनिटांत जोडून दिली. तो गेनबा. वेल्ह्याजवळच्या वाडीचा. पुण्याला लष्करात एका साहेबाच्या बंगल्यावर सहा वर्षं नोकरीला होता आणि साहेब विलायतेला जाताना ती सायकल त्याला देऊन गेला होता.

मी त्याला विचारलं, सायकल असून चालत का जातोस. त्याने सायकल बांधाला टेकवली. मग बांधावर बसून त्याने सगळं सांगितलं.

कार्तिकात त्याची बायको साळूबाई बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. सुईणीने हात टेकले आणि नसरापूरच्या डॉक्टरचं औषध आण म्हणाली. गेनबा रात्र संपायच्या आत सायकलवर निघाला. डॉक्टरने बाटली भरून दिली, लवकर पोच म्हणाला. गेनबाने डॉक्टरच्या भिंतीवरचं घड्याळ बघून ठेवलं होतं, पावणेआठ. अठरा मैलांचा रस्ता, निम्मा गाडीवाटेचा, दगडगोट्यांचा. आंबवण्याच्या पुढे मागचं चाक फाटलं. त्याने वाटेवरचं गवत उपटून टायरात कोंबलं, दाबून भरलं आणि तशीच सायकल दामटली. नदीत सायकल खांद्यावर घेतली. वेल्ह्यात शिरला तेव्हा शाळेची अकराची घंटा होत होती. साळूबाई त्याच्या आधी अर्धा तास गेली होती. तेव्हापासून तो सायकलवर बसला नव्हता.

एवढं सांगून त्याने माझ्या सायकलकडे पाहिलं, माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी सायकलीच्या मंडळातला आहे हे मी त्याला आधीच ऐटीत सांगून ठेवलं होतं.

"भाऊसाहेब, तुमी ह्यातलं जाणकार. खरं सांगा. सव्वातीन तास लागलं मला. दुसरं कोन असतं तर बेगीनं आलं असतं का?"

त्या दिवशी मी आयुष्यातलं एक चांगलं काम केलं, आणि ते करायला मला खोटं बोलावं लागलं नाही. मी म्हटलं, गेनबा, तो रस्ता मी आज पाहिला. आमच्या मंडळातला कुणीही, अगदी आनंदरावांची विलायती सायकल दिली तरी, सव्वातीन तासांच्या आत येणार नाही. गवत भरलेल्या चाकावर तर नाहीच. तुझ्या हातून कसूर झालेली नाही.

 तो उठला, डोळे पुसले आणि म्हणाला, दीड महिना झाला, घशाखाली घास उतरत न्हवता. मार्गासनीपर्यंत तो माझ्या बरोबर स्वतःच्या सायकलवर बसून आला.  निरोप घेताना त्याने माझे पाय धरले. मी भोरपर्यंत स्वतःवर खूश होतो.

त्यानंतर दोन महिने आनंदराव खुर्चीतून उठले नाहीत. माघातल्या एका रविवारी ते म्हणाले, भाऊसाहेबांसाठी आपण वेगळा खांब पुरू, त्यावर कासवांच्या चिठ्ठ्या लावू. हॉटेलवालासुद्धा हसला. चहा देणाऱ्यानेही हसावं हे मला फार लागलं. घरी आलो, जेवलो नाही, आणि आडवं पडल्यावर मला वेल्ह्याचा रस्ता आठवला. त्या रस्त्याने माझ्याखेरीज मंडळातलं कुणी कधी गेलेलं नव्हतं, तेव्हा तो किती वेळाचा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगतो, गेनबा मला आठवला नाही. त्याचा रस्ता आठवला, त्याची नदी आठवली, तेवढा तो आठवला नाही.

पुढच्या रविवारी चिमाजी नसरापूरला बहिणीकडे मुक्कामाला होता. त्याच्या देखत मी सात वाजता तिथून निघालो आणि त्याने तशी चिठ्ठी लिहून दिली. अर्ध्या वाटेत मी घड्याळाचे काटे सव्वा तास मागे सारले. वेल्ह्यात पोचलो तेव्हा खरे दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. रविवार असल्यामुळे शाळा बंद आणि शाळेचं घड्याळ कुलपात. गुरुजी ओट्यावर दाढी करत बसले होते. मी मनगट त्यांच्या पुढे धरलं. त्यांनी एकदा वर सूर्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ सासऱ्यांनी दिलेलं, चांदीचं होतं. गुरुजींनी घड्याळाचं ऐकलं आणि सुरेख मोडीत लिहिलं: नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचले. खाली सही आणि शाळेचा शिक्का.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या कपाळी खुर्ची आली. कापूरहोळला मी ती फेरी अशी सांगितली की आनंदरावांचा चहा निवला. नदीत सायकल खांद्यावर घेतली, पाणी कमरेला लागलं, गोट्यांवर पाय कसा धरला, सगळं सांगितलं. सगळं गेनबाचं होतं. फाटलेलं चाक तेवढं मी गाळलं, कारण त्यात वेळ गेला असता. दोन तास दहा मिनिटं! चिमाजीने दोन्ही चिठ्ठ्या जुळवल्या, आनंदराव उठले आणि मी बसलो. पाच रविवार बसलो. ती खुर्ची बसायला वाईट आहे, पाठीला टोचते, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

सहाव्या रविवारी फाल्गुनातलं ऊन होतं. मी नव्याने आलेल्या दोघा पोरगेल्या वकिलांना वेल्ह्याची फेरी सांगत होतो. बोलता बोलता माझं लक्ष गेलं तर खांबापाशी गेनबा उभा होता. पुण्याची मोटर गाठायला आला होता. हॉटेलवाल्याने त्याला कौतुकाने ती चिठ्ठी वाचून दाखवली होती. गेनबाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण शाळेचा शिक्का तो ओळखत होता. त्याने शिक्क्यावर बोट ठेवलं होतं आणि ते तो उचलत नव्हता.

 तो पुढे आला आणि माझ्या समोर जमिनीवर बसला.

"दोन तास धा मिन्टं, भाऊसाहेब?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आनंदरावसुद्धा. तेव्हा एकच शब्द बोलायचा होता. नाही, एवढा. तो माझ्या तोंडातून निघाला नाही. मी म्हटलं, माझी सायकल नवी आहे गेनबा, तुझी जुनी. आणि चाक फाटलं नाही माझं.

त्याने मान हलवली. म्हणाला, सायकल न्हवं भाऊसाहेब, मानूस. म्या गवत भरत बसलो. रिमवर तशीच हाणाया पायजे व्हती. मग तो बोटांवर हिशेब करू लागला. पावणेआठाला निघालो, त्यात दोन तास दहा मिनिटं. त्याला ते नीट जमेना, तेव्हा चिमाजीने, बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं, मदत म्हणून सांगितलं, पाच कमी दहा.

"पाच कमी धा," गेनबा म्हणाला. "तवा ती बोलत व्हती. पानी मागत व्हती."

तो उठला. जाताना त्याने मला नमस्कार केला. हा कोण, असं आनंदरावांनी विचारलं आणि मी म्हटलं, ओळखीचा आहे एक, बायको वारली त्याची. नंतर मी नेहमीसारखा चहा पिऊन भोरला आलो. हे सांगताना मला आजही माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

आठ दिवस काढले. दप्तरात बेरजा चुकत होत्या. पुढच्या रविवारी मी खांबावरची चिठ्ठी उपटली आणि मंडळासमोर सगळं सांगून टाकलं, घड्याळासकट. मला वाटलं होतं वाद होईल, कुणी म्हणेल छे छे, असं कसं. तसं काही झालं नाही. सगळ्यांनी ताबडतोब विश्वास ठेवला. आनंदराव तर म्हणाले, मला पहिल्या दिवसापासून संशय होता, आणि खुर्ची पुसून बसले. चिमाजी मात्र हसला नाही. त्या माणसाला सांगितलंस का, एवढंच त्याने विचारलं.

त्याला सांगायला मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून वाडीवर गेलो. गेनबाची आई धोंडाबाई ओसरीत नातीला शेळीचं दूध पाजत होती. सायकल गोठ्याच्या आढ्याला उलटी टांगलेली होती, चाकं वर, आणि मागच्या टायरातून गवताच्या काड्या अजून बाहेर आलेल्या होत्या. भिंतीतल्या देवळीत औषधाची बाटली होती. बूच लावलेली, भरलेली.

मी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. मी खोटं बोललो गेनबा, मला तुझ्याहून जास्त वेळ लागला, तीन तास पंचवीस मिनिटं, चाक न फाटता, अंगात बनियन आणि पोटात दूध-भाकरी असताना. काटे मी मागे केले होते. त्याने ऐकून घेतलं. मला घोंगडी टाकून दिली, पाणी दिलं.

"तुमी लई चांगलं मानूस हाय," तो म्हणाला. "माझ्या जिवाला बरं वाटावं म्हनून सोताची अब्रू घालवताय. असं कुनी करत न्हाई."

मी त्याला शाळेत घेऊन गेलो. गुरुजींना म्हटलं, सांगा याला, वेळ तुम्ही माझ्या घड्याळात पाहून लिहिली. गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं त्यांच्या शिक्क्याची चौकशी निघाली. ते म्हणाले, जे घड्याळात होतं तेच मी लिहिलं, एक मिनिटही इकडचं तिकडं नाही. ते खरंच होतं. गेनबाने माझ्याकडे पाहिलं, लहान मुलाची समजूत काढावी तसं. गुरुजी खोटं लिहायचे नाहीत, शिक्का खोटा नसतो, आणि मार्गशीर्षात बांधावर मी जे म्हणालो होतो तेसुद्धा आता त्याला कळलं होतं. तेही मी त्याच्या जिवाखातरच बोललो होतो, असं त्याने मला समजावून सांगितलं.

म्हणजे माझ्या खोट्याने माझं खरंही खाल्लं होतं. मला एकच उपाय सुचला. मी म्हटलं, येत्या गुरुवारी मी पुन्हा येतो, नसरापूरहून. तुझ्याच डॉक्टरच्या घड्याळात बघून, पावणेआठलाच निघतो. तू इथं शाळेच्या घड्याळासमोर उभा राहा. हातच्या काकणाला आरसा कशाला? तो नको नको म्हणत होता. शेवटी म्हणाला, या.

तोवर मी सायकलीला तेल घातलं, नवी ट्यूब टाकली. डॉक्टरने माझी चिठ्ठी हसत लिहून दिली आणि मी निघालो. त्या दिवशी मी जशी सायकल मारली तशी त्याआधी आणि नंतर कधी मारली नाही. माझ्या मनात तर उलटंच यायला लागलं होतं, की आज लवकर पोचलो तर? साडेतीन तास लागायला हवेत म्हणून हळू मारावी काय? मी त्या विचाराला शिवी घातली आणि जोर केला. कपट एकदा केलं होतं तेवढं पुरे होतं. गाडीवाटेला दोनदा पडलो, गुडघा फुटला, नदीत सायकलसकट बसलो. विंझरच्या चढाला छातीत कळ आली तेव्हा उतरून पळत सायकल ढकलली. हात हँडलला चिकटून गेले होते.

वेल्ह्यात शिरलो तेव्हा शाळा भरलेली होती. दारात गुरुजी, पायरीवर गेनबा. आत भिंतीवर घड्याळ दिसत होतं. अकरा वाजून पाच मिनिटं. तीन तास वीस. मला उतरता येईना, मी सायकलसकट एका अंगावर कलंडलो, आणि तरीही मला इतका आनंद झाला की मी घड्याळाकडे बोट दाखवून हसायला लागलो. सगळा जीव काढूनसुद्धा मी गेनबाच्या पाच मिनिटं मागे होतो. गुरुजींनी ते पाहिलं, आपल्या शिक्क्याखालची वेळ खोटी होती हे समजले, आणि पोरांना पाढे म्हणायला सांगून आत गेले.

गेनबाने मला उठवून पायरीवर बसवलं. स्वतःच्या पटक्याच्या टोकाने गुडघ्यावरचं रक्त पुसलं. लोटीत ताक आणलं होतं ते मला प्यायला दिलं. मी ताक पीत होतो आणि त्याच्या तोंडाकडे बघत होतो. आता म्हणेल, आता म्हणेल.

त्याने माझी सायकल उचलून भिंतीला लावली, पुढचं चाक फिरवून पाहिलं. सरळ होतं.

"माझ्यापायी लई सोसलंत, भाऊसाहेब," तो म्हणाला. "मुद्दाम येवढं हळू मारायचं, वर पडून दाखवायचं. सख्खा भाऊ बी करनार न्हाई."

मी लोटी खाली ठेवली.  त्याने मला वाडीच्या फाट्यापर्यंत पोचवलं. माझी सायकल त्याने हातात धरली होती आणि आम्ही दोघेही चालत होतो.